शालनचं शून्य

शालनचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. देवासाठी नाही, पाण्यासाठीही नाही. येरवड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास होता आणि चारनंतर तिथं बायकांची रांग लागायची. त्याआधी म्हाताऱ्या सासूला नेऊन आणायचं, म्हणून पावणेचार.

तो संडास कसा होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. निम्म्या खोल्यांना दारं नव्हती. दारं होती तिथं कड्या नव्हत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने दार धरायचं. पायऱ्यांवर शेवाळ. तुंबलं की आठवडाभर तसंच. मी गवंडी. आयुष्यभर चुना, सिमेंट, चिखल, गटार यांत हात घातले. मला सहसा शिसारी येत नाही. तिथं यायची. बांधणाऱ्याने उतारच काढला नव्हता, त्यामुळे ओतलेलं पाणी पुढे न जाता मागे यायचं. ठेकेदार बिल घेऊन गेला आणि आम्ही वीस वर्षं त्याच्या आळसात पाय ठेवून बसलो. कामचुकार माणसाचा मला तेव्हापासून जो वीट आला तो आलाच.

शालन लातूरकडची. नवरा सर्जेराव इथल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला म्हणून आली. मग कारखान्यांनी माणसं कमी करायला घेतली. कंत्राटवाले आधी गेले. सर्जेराव घरी बसला, नंतर काविळीत गेला. मागे एक खोली उरली, शालन उरली आणि सर्जेरावची आई दुर्गाबाई उरली. शालन सातवी शिकलेली, उंच, हाडकुळी, कमी बोलणारी. दुर्गाबाई तिच्या वाटणीचंही बोलायची.

दुर्गाबाईचे गुडघे गेले होते. शालन तिला काखेत धरून गल्लीतून न्यायची. म्हातारी वाटभर कण्हायची नाही, शिव्या द्यायची. शेवाळाला, नगरसेवकाला, मेलेल्या पोराला. दुपारी पाणी प्यायची नाही, कारण पाणी प्यायलं की पुन्हा जावं लागेल आणि शालन कामावर असेल. उन्हाळ्यात ओठ फुटायचे तरी प्यायची नाही. डॉक्टरने सांगितलं, मूत्रपिंडं जातील. दुर्गाबाई म्हणाली, "जाऊ दे. मला कुठं नेऊन दाखवायचीत?"

एके दिवशी शालन माझ्या दारात आली.

"सोनबा मिस्त्री, आमच्या मोरीच्या जागी संडास बसेल का?"

मी जाऊन पाहिलं. कोपऱ्यातली मोरी, भांडी घासण्याची आणि आंघोळीची. मापं घेतली. ड्रेनेजची लाइन दारासमोरून गेलेली. उतार मिळत होता.

"बसेल. भांडं, पाइप, चेंबर, भिंत, दार. मजुरीचं नंतर बघू."

"नंतर नाही. जेवढं काम होईल तेवढी मजुरी त्या त्या वेळी घ्यायची. नाहीतर मी दुसरा मिस्त्री बघते."

हे मला आवडलं. फुकटचं घेणारी माणसं पुढे कामात खोड काढतात.

शालन तेव्हा विमानतळाच्या रस्त्यावरच्या एका काचेच्या इमारतीत फरशी पुसायला जायची. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. तिकडे दर सहा महिन्यांनी नवी काच उभी राहत होती आणि आमच्या गल्लीतल्या बायका त्या काचांच्या आत पुसायला जात होत्या. पुसण्याच्या पगारात संडास झाला असता, पण दोन वर्षांनी. दुर्गाबाईला दोन वर्षं नव्हती.

मग चौथ्या मजल्यावरच्या एका कंपनीत वेगळं काम निघालं. तिथला अभिनव नावाचा मुलगा पुसणाऱ्या बायकांकडे आला आणि म्हणाला, "मावशी, वाचता येतं का? मराठी?" तिघी उभ्या राहिल्या. शालन, रुमाना आणि नम्रता. रुमाना पुण्याचीच, तिचे सासरे कॅम्पात शिलाईचं दुकान चालवायचे. हसरी, चटकन हिशेब करणारी बाई. नम्रता नुकती लग्न झालेली, जो जे सांगेल त्याला हो म्हणणारी.

काम असं होतं. परदेशातल्या एका विद्यापीठात जुन्या भाषांची तुलना चालली होती. मराठी, कोकणी, गुजराती, पार श्रीलंकेतली सिंहली. पूर्वी या भाषा एका घरच्या होत्या, नंतर वेगळ्या निघाल्या. कुठला शब्द कुठल्या शब्दाचा भाऊबंद, हे कॉम्प्युटरने शोधायचं. नुसता आवाज सारखा असून भागत नाही. एका भाषेतल्या शब्दाचा अर्थ झाडाची साल आणि दुसऱ्या भाषेतल्या तशाच शब्दाचा अर्थ कातडी असेल, तर नातं असू शकतं. एकीकडे साल आणि दुसरीकडे मंगळवार असेल, तर आवाज योगायोगाने जुळला. म्हणजे अर्थ अर्थाच्या किती जवळ आहे, याचं माप हवं. ते माप कॉम्प्युटरकडे नाही, ते माणसांकडून घ्यायचं. पडद्यावर दोन शब्द येणार. शून्य ते पाच आकडा द्यायचा. अर्थ अगदी एक असला तर पाच, काही संबंधच नसला तर शून्य. अशा हजारो जोड्या.

शालनने हे मला मोरीची फरशी फोडताना सांगितलं. मी विचारलं, "मग हे काम तुम्हाला का दिलं? मास्तर लोक मेले का?"

"अभिनव सर म्हणाले, शिकलेली माणसं पुस्तकातलं सांगतात. बोलणारी माणसं पाहिजेत."

"आणि शिकलेली महाग पडतात."

"ते त्यांनी नाही सांगितलं," ती म्हणाली.

पैसे जोडीमागे होते. एक अट होती. एकाच जोडीला तिघींनी आकडे द्यायचे. तिन्ही आकडे जवळपास आले तर जोडी पास आणि तिघींना पैसे. आकडे लांब पडले तर जोडी बाद, कुणालाच काही नाही. या हिशेबाने महिन्याला पुसण्याच्या जवळजवळ दुप्पट सुटणार होतं. शालनने मला सांगितलं, खणायला घ्या.

मी खणायला घेतलं.

त्याच सुमारास चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या टाइल्स उचकटल्या आणि शालनने माझं नाव सांगितलं. आठ-दहा दिवस तिथं काम केलं, संध्याकाळी शालनची मोरी. बाथरूमचं दार आणि बायकांची खोली समोरासमोर, म्हणून जे पुढे लिहितो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिघी एका लांब टेबलाशी, खांद्याला खांदा लावून. तीन पडदे. टेबलाच्या टोकाला अभिनव, कानांवर गाणी ऐकायचं ते मोठं यंत्र लावलेला. पहिल्या दिवशी त्याने सूचना वाचून दाखवल्या होत्या म्हणे, एकदाच, बस चुकेल अशा घाईत. शब्द एकत्र दिसतात का ते बघायचं नाही. अर्थ एका जातीचे आहेत का, एकाचा अर्थ सरकत सरकत दुसऱ्यावर जाऊ शकेल का, ते बघायचं. ज्याचं त्याने ठरवायचं. आपसात बोलायचं नाही. एवढं वाचून त्याने कान झाकले ते झाकलेच.

आणि बायका मोठ्याने बोलत होत्या.

"बादली, पाणी," नम्रताने वाचलं.

"चार," रुमाना म्हणाली. तिघींनी चार दाबलं.

"सुई, दोरा."

"चार."

"डोंगर, मीठ."

"एक. पुढं."

"तीन कधी द्यायचं गं?"

"दर दहा-बाराला एक तीन दे, एक दोन दे. नाहीतर साहेबाला वाटेल झोपेत दाबतोय."

नम्रता खुदकन हसली. शालन हसली नाही, पण चार दाबलं.

मला आधी कळेना की त्यांना सांगितलंय काय आणि करतायत काय. जेवणाच्या सुट्टीत रुमानाला विचारलं. ती डबा उघडता उघडता म्हणाली, "सोपं आहे, सोनबाभाऊ. दोन गोष्टी एका जागी दिसतात का? चार. नाही दिसत? एक. कुणाचाच आकडा चुकत नाही, कुणाचेच पैसे जात नाहीत."

"पण त्याने तर सांगितलंय, एकत्र दिसण्याचं बघू नका."

"त्याने सांगितलंय, आकडे सारखे यायला पाहिजेत. ते येतात." मग माझ्यापुढे डबा सरकवून म्हणाली, "घ्या, शाकाहारी आहे. घाबरू नका."

रुमानाला मी वाईट म्हणणार नाही. ती लबाडी करत नव्हती. या बायकांची कामाची रीतच तशी होती. पुसताना एकीचा मजला राहिला की बाकीच्या तो उरकून द्यायच्या. एकीला उशीर झाला की दुसरी तिची हजेरी सांभाळायची. एकीचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून तिघींनी एकच उत्तर द्यायचं, हे त्यांना फसवणूक वाटत नव्हतं. शेजारधर्म वाटत होता. तीन माणसांना वेगवेगळं विचारायचं असतं कशासाठी, हे त्यांना कुणी धड सांगितलंच नव्हतं.

ज्याला ते माहीत होतं तो कान झाकून बसला होता. तिघींची उत्तरं किती जुळतात, त्या मेळाचा आकडा त्याच्या पडद्यावर दिसायचा. तो शंभरात नव्वदच्या वर गेला त्या दिवशी त्याने समोसे मागवले. म्हणाला, "मावशी, तुम्ही रॉकस्टार आहात!"

मी बाथरूममध्ये ओळंबा धरून उभा होतो. तीन गवंडी एकच ओळंबा धरून एकमेकांना विचारतायत, भिंत सरळ आहे ना रे, आणि मालक म्हणतो, वा, तिघांचं एकमत झालं. ती भिंत परदेशात उभी राहणार होती. तिच्यावर कुणीतरी मजला चढवणार होतं.

घरी जाताना मी शालनला म्हणालो, "हे काम नव्हे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"खड्डा अर्धा झालाय, मिस्त्री. आत्या पाणी पीत नाही."

मी खणत राहिलो, ती चार दाबत राहिली.

मात्र ती मनातल्या मनात खरा आकडाही काढायची. मला सांगायची, मी वीट तासत असताना. सूर्य आणि दिवस, ही जोडी आली. रुमाना म्हणाली चार, शालनच्या मनात पाच. "दिवस उगवला म्हणतो ना आपण. उगवतो तो सूर्यच की." साल आणि कातडी, रुमानाचं एक, कारण एका जागी दिसत नाहीत. शालनचं चार. "सोलली तर दोन्हींना पाणी सुटतं." ती फार वेळ घ्यायची. एका जोडीवर निम्मी भाकरी संपायची. तिचं सगळंच बरोबर होतं असं मला वाटत नाही. चूल आणि घर याला तिने पाच ठरवलं, मी म्हणालो तीन. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जेवता, मिस्त्री." हॉटेलात चूल असते, घर नसतं, असं मी म्हणालो. त्यावर ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं.

आणि मग ती जोडी आली. माझं टाइल्सचं काम त्या दिवशी संपायचं होतं. सांध्यांत पांढरं सिमेंट भरत होतो.

नम्रताने वाचलं, "झाडणारी, घाण."

"चार," रुमाना म्हणाली.

नम्रताने दाबलं. रुमानाने दाबलं. शालनचा हात तसाच राहिला.

"दाब की गं."

"शून्य," शालन म्हणाली.

"काय शून्य? एका जागी दिसतात ना? सकाळपासून आपण आणि घाण, आपण आणि घाण. दुसरं कोण असतं तिथं?" रुमाना हसत होती. नम्रताही हसली.

"आपण घाण आहोत का?"

"मी कुठं म्हणतेय? पडदा विचारतोय."

"मग पडद्याला सांगते, शून्य."

"अगं बाई, बाद होईल जोडी. एका जोडीसाठी काय धरून बसलीस?"

"रुमाना, पडदा विचारतोय की घाणीचा अर्थ सरकत सरकत आपल्यावर येईल का. आणि आपणच चार देतोय. आपणच."

रुमानाचं हसू गेलं. पण तिने आकडा बदलला नाही. तिथं मागे जायची सोयही नव्हती. दाबलं की गेलं. शालनने शून्य दाबलं. कसलातरी आवाज होऊन लाल खूण आली. अभिनवने कान न उघडता मान वर केली आणि खाली घातली.

त्यानंतर शालनचा हात पुन्हा चारवर गेला नाही. म्हणजे मनात चार असेल तर गेला, रुमाना म्हणाली म्हणून नाही. बादली-पाणी छापाच्या जोडीला ती एक द्यायची. लाल खुणा वाढल्या. तिघींचे पैसे घटायला लागले.

रुमाना तिच्या घरी आली. मी खड्ड्यात होतो, त्यामुळे दोघी माझ्या डोक्यावरून भांडल्या.

"तुला तुझा संडास पाहिजे. मला आमच्या फैझलची शाळेची फी भरायची नाही का? नम्रताच्या घरात ती एकटी कमावते, तुला ठाऊक नाही का?"

"मी कुणाचं अडवत नाही. तुम्ही तुमचं द्या, मी माझं देते."

"तू तुझं दिलंस की आमचं बाद होतं! हे अडवणं नाही तर काय?"

दुर्गाबाई खाटेवरून ओरडली, "दे की गं ती म्हणते तसं! त्या डबड्यात चार घातले काय आन् पाच घातले काय, कुणाच्या बापाचं जाणारंय?"

"आत्या, तुम्हाला कुणी घाण म्हटलं तर?"

"म्हणू दे! घाणीतच बसून येते मी रोज. चार का, मी धा देईन!"

रुमाना निघून गेली. शालन मला म्हणाली, "मला ठाऊक आहे तिचं खरं आहे. पण हात उठत नाही, मिस्त्री. मी काय करू?"

मी म्हणालो, "चहा कर." हात उठत नाही म्हणजे उठत नाही. वाकडी भिंत दिसली की माझाही थापीवरचा हात उठत नाही. पण माझ्या भिंतीमागे तहानलेली म्हातारी नव्हती.

आठ दिवसांनी अभिनवने तिला बोलावलं. काय झालं ते तिने मला संध्याकाळी सांगितलं. तो उद्धट नव्हता. फार गोड बोलला, तेच जास्त किळसवाणं.

"मावशी, तुमचा स्कोअर बाकीच्यांशी मॅच होत नाहीये. क्वालिटीचा इश्यू येतोय."

"सर, तुम्हीच म्हणाला होतात, ज्याचं त्याने ठरवायचं."

"हो, अर्थात. ज्याचं त्यानेच ठरवायचं."

"मग माझं मी ठरवलं."

"हो, पण सेम यायला पाहिजे ना, मावशी!"

आपण काय बोललो ते त्याचं त्याला तरी ऐकू येईल, असं शालनला वाटलं होतं. आलं नाही. ती खाली जाऊन सफाईचा निळा कोट अंगात घालून आली आणि तोच मजला पुसायला लागली. तिच्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची बाई बसली. रुमानाने चार म्हटलं की ती चार दाबायची. बाद झालेल्या जोड्या पुन्हा फिरवल्या गेल्या, त्यात ती जोडीही होती. शालन दारात पोछा पिळत होती तेव्हा तिने ऐकलं. झाडणारी, घाण. चार, चार, चार. पास.

माझं काम थांबलं. खड्डा तसाच राहिला, वर फळ्या टाकल्या. पावसाळाभर त्यात पाझर यायचा आणि शालन कामावरून आली की ते पाणी डब्याने उपसायची. मी म्हणालो, उधारीवर पुरं करतो. तिने नुसतं बघितलं. मी हत्यारं उचलली.

श्रावणात एका पहाटे दुर्गाबाई सार्वजनिक संडासाच्या पायरीवरून घसरली. शालनने काखेत धरलेलं होतं, पण शेवाळावर दोघींचे पाय गेले. शालन वर राहिली, म्हातारी खाली. खुब्याचं हाड मोडलं. गल्लीतल्या आम्ही चौघांनी तिला तिथून उचललं. कशातून उचललं ते लिहीत नाही. ती रडली नाही. म्हणाली, "लुगडं नीट करा आधी माझं."

सरकारी दवाखान्यात ती दीड महिना होती. साठवलेलं सगळं तिथं गेलं. घरी आणली ती खाटेवरच. मग शालन सकाळी घरची घाण काढायची, दिवसभर काचेच्या इमारतीतली, संध्याकाळी पुन्हा घरची. आणि दुर्गाबाई खाटेवरून म्हणायची, "कॉम्प्युटरवर बसायला काय काटे टोचत होते का गं तुला? बसली असतीस तर माझं हाड शाबूत असतं."

शालन तिची चादर बदलायची. खोटं नव्हतं ते. तिने आकडे दिले असते तर श्रावणाच्या आधी संडास उभा राहिला असता. मी त्यावर बराच विचार केला आहे. शालनचं चुकलं असं म्हणायला तोंड उघडतो आणि म्हणवत नाही. बरोबर केलं म्हणायला जातो, तर पायरीवर पडलेली म्हातारी दिसते. मग मला त्या दोघींपैकी कुणाचाच राग येत नाही. ज्याने उतार न काढता संडास बांधला आणि ज्याने कान झाकून माप घेतलं, त्या दोघांची शिसारी येते. दोघांचीही बिलं पास झाली.

दिवाळीच्या सुमारास ते काम संपलं. रुमाना, नम्रता आणि ती तिसरी पुन्हा पुसायला आल्या. अभिनवला मेळाच्या आकड्यावर शाबासकी मिळाली, तो बंगळूरला मोठ्या जागेवर गेला. रुमाना एक दिवस दुर्गाबाईला बघायला आली, सोबत शिरखुर्म्याचं पातेलं. ईद होऊन गेलेली, पण हिच्यासाठी पुन्हा केला म्हणाली. दुर्गाबाईने दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, "साखर कमी पडली."

रुमाना शालनजवळ बसली. मी दारात होतो.

"तिकडून कुणी काही विचारलं का गं?" शालन म्हणाली. "आकड्यांचं?"

"नाही. मेल आला म्हणे. डेटा एकदम छान आहे."

"बघितलाच नसेल."

"बघितला असेल. एकत्र बसून," रुमाना म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग रुमाना उठली, दुर्गाबाईच्या खाटेखालचं भांडं उचललं आणि धुवायला घेऊन गेली. शालन हातातून घ्यायला धावली. रुमानाने दिलं नाही.

म्हणजे ते आकडे कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये आजही असतील. बादली आणि पाणी, चार. साल आणि कातडी, एक. झाडणारी आणि घाण, चार. त्यावरून कुणी काय ठरवलं ते मला माहीत नाही. कुणीतरी त्यावर काहीतरी रचलं असेल आणि त्याला कळतही नसेल की तळाशी तीन दमलेल्या बायका एकमेकींचे पैसे सांभाळत बसल्या होत्या.

शालनने त्यानंतर दोन पाळ्या केल्या. एक इमारत सकाळी, दुसरी दुपारनंतर. पुसूनच. पुढच्या उन्हाळ्यात तिने मला पुन्हा बोलावलं.

आता साधं भांडं चालणार नव्हतं. मोडलेल्या खुब्याने उकिडवं बसता येत नाही. खुर्चीसारखं बसायचं भांडं लागणार होतं. त्याला पैसे जास्त, जागा जास्त. एक भिंत दीड वीत पुढे सरकवली, खोली तेवढी लहान झाली. पाइपचा उतार मी तीनदा तपासला. पाणी ओतलं आणि चेंबरवर वाकून बघितलं. गेलं. सरळ गेलं, थांबलं नाही. लाद्या साध्याच, पण सांधे भरलेले. दाराला आतून कडी, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर.

दुर्गाबाईने खाटेवरून सगळं पाहिलं.

"खुर्चीवर बसून कोण हागतंय? मी काय मामलेदार हाय का?"

"आत्या, बसून तर बघा."

"आन् उंच केलंय मिस्त्रीनं. पाय लोंबायलेत माझे."

"पाट ठेवते पायाखाली."

पहिल्या दिवशी शालन सवयीने पावणेचारलाच उठली. उठून बसली आणि कुठं जायचं नाही हे तिला आठवलं. मला तिनेच नंतर सांगितलं. तेवढ्यात दुर्गाबाईने हाक मारली. शालनने तिला उचलून आत बसवलं, पायाखाली पाट दिला आणि बाहेर आली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्या बाईच्या आयुष्यात तिने संडासाला आतून कडी लावली ती पहिल्यांदा तेव्हा, सत्तरी उलटल्यावर.

सहाला शालनला निघायचं होतं. म्हातारी अजून आतच. मी त्या वेळी कामावर जाताना त्यांच्या दारावरून गेलो. शालन संडासाच्या दाराबाहेर जेवणाचा डबा घेऊन उभी, निळा कोट घातलेला, एकदा घड्याळाकडे बघत, एकदा दाराकडे.

"वाजव की दार," मी म्हणालो.

आतून दुर्गाबाईने ऐकलं. "कुणी वाजवू नका! मी बसलेय!"

शालनने बस जाऊ दिली. तिच्या दोन पाळ्यांच्या पगारातून तिला मिळालं ते हे. बसायचं एक भांडं, सरळ वाहून जाणारं पाणी, आणि एका म्हातारीने घोटभर पाणी पिऊन, दार लावून, तिला हवा तेवढा वेळ आत बसून राहणं.